रिम ब्रेकच्या रोड बाइकला नवी चाकं बसवताना : मापं, जोडणी आणि ब्रेकच्या तक्रारी

इंदूरहून निघून सिमरोल मागे पडलं की खंडवा रोड वळणं घेत चोरलकडे उतरू लागतो. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, एका रविवारी तिथेच माझा मागचा टायर फुटला. आदल्या संध्याकाळी नवी चाकं बसवली होती. जुनी रिम, म्हणजे टायर बसतो ती धातूची कड, बाहेरून २० मिलिमीटर रुंद होती, नवी २३. ब्रेकची वायर थोडी ढिली केली, चाक मोकळं फिरतंय एवढं पाहिलं आणि काम झालं असं धरून चाललो. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर जळक्या रबराचा वास आला आणि पाठोपाठ धाडकन आवाज. सायकल कशीबशी आवरून कडेला घेतली. पाहतो तर ब्रेकच्या एका बाजूच्या रबराची वरची कड रिम सोडून टायरवर घासत होती. टायरच्या बाजूचे धागे बोटभर लांबीत उसवून दोऱ्यासारखे लोंबत होते. चाक मागचं होतं म्हणून पडलो नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. रिम ब्रेकमध्ये दोन रबरं रिमला दोन्ही बाजूंनी पकडून चाक थांबवतात, म्हणजे अशा सायकलीत रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग असतो. चाक बदललं की ब्रेकही बदलला असं समजून तो पहिल्यापासून पुन्हा लावायचा. सकाळी सुपर कॉरिडॉरवर भेटणारी आपली मराठी पोरं चाकांचं वजन, रिमची खोली, हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) आवाज यांवर तासभर बोलतात आणि ब्रेकची रबरं मात्र चार वर्षांपूर्वीचीच वापरतात. त्यांच्यासाठी हा सगळा क्रम सविस्तर लिहितोय.

आधी जुनी चाकं नीट पाहा

नवी चाकं घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरं तर चांगल्या टायरची आणि एका कुशल मिस्त्रीची गरज असते. दोन चाकांत मिळून ४०० ग्रॅम वाचले तरी माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या धरून ८५ किलोच्या वजनात तो अर्धा टक्कासुद्धा नाही. वेग वाढवताना चाकाच्या कडेचं वजन जास्त जाणवतं हे खरं. पण एकसारख्या वेगात जाताना फरक पडतो तो टायरने. कडक, जाड टायर काढून चांगल्या प्रतीचे २५ किंवा २८ मिलिमीटर रुंदीचे टायर टाका, आऊट म्हणजे चाकाची डुगडुग काढून घ्या आणि महिनाभर चालवा. तरीही चाकं बदलावीशी वाटली तर जरूर बदला.

चाक बदलायलाच हवं अशी एक स्थिती मात्र आहे, ती म्हणजे रिम झिजलेली असणं. माळव्यातल्या रस्त्यांची गिट्टी काळ्या बसाल्टची असते. पावसाळ्यात तिची बारीक कच आणि काळी माती रिमवर चिकटते आणि प्रत्येक ब्रेकला पॉलिश पेपरसारखी ॲल्युमिनियम खाते. पावसातून आल्यावर रिमवर जो करडा-काळा चिखल दिसतो, त्यात रबराबरोबर रिमही असते. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं, आतले रस्ते झाडलेले असतात. पण बायपासच्या कडेची खडी आणि खंडवा रोडची धूळ चाकांना चुकत नाही.

झीज अशी तपासा. चाक थांबवून ब्रेक लागतो त्या पट्टीवरून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा. मध्ये खोलगट लागलं तर लोखंडी पट्टीची सरळ कड तिथे आडवी धरा आणि मागे टॉर्च लावा. पट्टीखालून उजेड दिसला तर रिम आत गेलेली आहे. बऱ्याच रिमवर झीज कळावी म्हणून बारीक खाच किंवा टिकलीएवढा खळगा असतो. तो दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं. नेमकं माप हवं असेल तर टायर काढा आणि मागच्या हबमध्ये पडणारे पाव इंची दोन छर्रे घ्या. ग्रीसने एक रिमच्या भिंतीला आतून चिकटवा आणि दुसरा त्याच्या समोर बाहेरून. दोन्हींवरून व्हर्निअर लावून माप घ्या आणि त्यातून १२.७ मिलिमीटर वजा करा. उरते ती भिंतीची जाडी. ती एक मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर त्या चाकावर घाट उतरू नका. अशी रिम टायरच्या हवेच्या दाबाने एकदम फाटते, आणि ती ब्रेक दाबतानाही फाटू शकते. व्हर्निअर सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, भारीतला लागत नाही.

खरेदीआधीची मापं

ही मापं कागदावर लिहूनच दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा.

पहिलं माप हबच्या रुंदीचं. साध्या क्विक रिलीजच्या (मूठ फिरवून चाक सुटतं अशा) रोड बाइकला पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर लागतात. हायब्रिडला आणि काही सुरुवातीच्या सायकलींना मागे १३५ असतं. जुन्या ७ गिअरच्या स्टीलच्या रोड बाइकमध्ये १२६ सापडतं. ॲल्युमिनियमची फ्रेम ओढून-ताणून रुंद करायची नाही. कोणी करून देतो म्हणालं तरी नाही.

दुसरं, मागच्या गिअरची चक्रं कशावर बसली आहेत ते. ७ गिअरच्या बऱ्याच सायकलींत आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ते कॅसेटच्या, म्हणजे खाचांवर सरकवून बसवायच्या चक्रांच्या संचाच्या, हबवर बसत नाही, म्हणजे चाकासोबत कॅसेटचाही खर्च धरा. शिमानोच्या ११ गिअरच्या रोड हबवर ८, ९ किंवा १० ची कॅसेट बसते, पण आधी १.८५ मिलिमीटरचा स्पेसर टाकावा लागतो. १० गिअरच्या बऱ्याच कॅसेटला त्यावर आणखी एक मिलिमीटरचा. हा स्पेसर विसरला तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारं कडं) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. उलट बाजूने, ८-९-१० च्या जुन्या हबवर ११ ची नेहमीची रोड कॅसेट मावत नाही.

तिसरं माप जागेचं. नव्या रिम आतून १७ ते १९ मिलिमीटर असतात, जुन्या १३ ते १५ असायच्या. रुंद रिमवर तोच टायर अधिक फुगतो. २५ लिहिलेला टायर व्हर्निअरने २७ भरू शकतो. आत्ताच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, आणि वर ब्रेकच्या कमानीखाली, किमान चार मिलिमीटर जागा हवी. ४ ची ॲलन की तिथून न अडता गेली पाहिजे. एवढी साधी चाचणी आहे, पण लोक करत नाहीत.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: चाक रिम ब्रेकचंच आहे ना? आजकाल बाजारात डिस्क ब्रेकची चाकंच जास्त. स्वस्तात मिळालं म्हणून ते घेतलं तर त्याच्या रिमवर ब्रेकची पट्टीच नसते. तिथे ब्रेक लावणं म्हणजे रंग खरवडणं, सायकल थांबत नाही.

कोणती घ्यावीत

माझं मत स्पष्ट आहे: इंदूरच्या आसपास चालवणाऱ्याने ॲल्युमिनियमचीच घ्यावीत. शिमानोची आरएस१०० ही साधी, जोडीला सुमारे १.९ किलोची चाकं आहेत. हबमध्ये कोन-छर्रे आहेत, कोणताही जुना मिस्त्री ते उघडून ग्रीस भरून देईल. हात सैल असेल तर कॅम्पाग्नोलो झोंडासारखी दीड किलोच्या आसपासची जोडी फार सुरेख चालते. मात्र तिची स्पोक तुटली तर बदली स्पोक शहरात लगेच मिळेलच असं नाही. घेतानाच दोन-तीन जादा मागवा.

कार्बन रिम दिसायला देखण्या असतात, पण कार्बनवर रिम ब्रेक लावून लांब उतार उतरणं मला पटत नाही. घर्षणाची सगळी उष्णता रिममध्येच साठते, आणि कार्बनचे थर धरून ठेवणारं रेझिन एका मर्यादेपलीकडे मऊ पडतं. मे महिन्यात सकाळी दहालाच रस्ता तापलेला असतो. तरीही घेणार असाल तर रबरं कार्बनसाठी बनवलेलीच वापरा आणि लेटेक्सची ट्यूब टाकू नका.

चाक तयार करणं

नवीन चाकात रिम टेप असते, पण ती नीट बसलेली आहे का हे बोट फिरवून पाहा. स्पोकचं एखादं भोक अर्धवट उघडं राहिलं तर ट्यूब त्यात शिरून फुटते. रिम खोल असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्हही लांब लागतो. टायर चढवताना लोखंडी पाना, स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, म्हणजे शेवटचा घट्ट भाग हातानेच बसतो.

फ्रीहबला, म्हणजे हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याला, ग्रीसचा पातळ हात द्या, स्पेसर टाका, कॅसेटच्या खाचा जुळवा आणि लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा. आवळताना कडकड आवाज येतो, घाबरू नका.

हवेचा दाब: ७० किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय, २८ मध्ये ६५ ते ७५. पावसात पाच कमी. पहाटे भरलेली हवा उन्हात वाढते, दर १० अंशांना साधारण तीन पीएसआय. तेव्हा उन्हाळ्यात वरच्या आकड्यापर्यंत ताणू नका.

चाक फ्रेममध्ये बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, उलटी नको. तिच्याच वजनाने ॲक्सल खाचेत पूर्ण बसतो. क्विक रिलीजची मूठ बंद करताना तळहातावर वळ उमटला पाहिजे, इतकी ती घट्ट हवी.

ब्रेक पहिल्यापासून लावणं

इथे वेळ द्या. निवांत तासभर काढा, घाईच्या सकाळी हे काम करू नका.

आधी चाकाचा मध्य. मागच्या दिवाळीत लोकमान्य नगरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने सायकल गॅलरीत आणून उभी केली. "मामा, चाक तर सरळ फिरतंय, मग एकाच बाजूला का घासतंय?" मी पुढचं चाक काढून, उलटं करून, डावी बाजू उजवीकडे घेऊन पुन्हा बसवायला सांगितलं. आता ते दुसऱ्या बाजूला घासायला लागलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. याचा अर्थ रिम हबच्या मधोमध नव्हती, दोष चाकात होता. चाक उलटूनही त्याच बाजूला घासत राहिलं असतं, तर ब्रेक तिरका किंवा ॲक्सल खाचेत नीट न बसलेला असं समजायचं. ही तपासणी न करता ब्रेक वाकवत बसलात, तर प्रत्येक पंक्चरनंतर तेच दुखणं परत येतं.

चाक मध्यावर आहे हे ठरलं की वायरचा बोल्ट सैल करा, चाक काढताना ब्रेक उघडायची त्याच्यावरची छोटी मूठ बंद ठेवा, बॅरल (वायरचा ताण कमी-जास्त करायचा गोल स्क्रू) जवळपास पूर्ण आत फिरवून मग दोन फेरे बाहेर काढा. आता रबरं रिमवर हाताने दाबून धरा आणि दोन्ही बाजूंना वाकून पाहा. डोळा रिमच्या उंचीवर आला पाहिजे.

माझी चूक नेमकी इथे झाली होती. दोन खुंट्यांच्या ब्रेकमध्ये दोन्ही हात वेगवेगळ्या बिंदूंभोवती फिरतात. रिम रुंद झाली की हात जास्त उघडे राहतात, आणि त्यामुळे एक रबर किंचित वर सरकतं, दुसरं किंचित खाली. जुन्या रिमवर माझं एक रबर आधीच वरच्या कडेला टेकलेलं होतं. ते आणखी वर गेलं, त्यात नवा टायर जास्त फुगलेला. एवढं पुरलं. म्हणून दोन्ही रबरं स्वतंत्रपणे लावा. वरची कड रिमच्या काठापासून निदान एक मिलिमीटर खाली हवी, आणि खालची कड पट्टी सोडून खाली लोंबता कामा नये. रबर खाली लोंबत असेल तर झिजता झिजता त्याला ओठ फुटतो आणि तो रिमखाली अडकतो.

रबर लांबीत रिमच्या गोलाईला धरून ठेवा. मग पुढचं टोक आधी टेकेल असा हलका कल द्या. मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्डची दुहेरी घडी ठेवा, ब्रेक दाबून धरा, बोल्ट आवळा आणि कार्ड काढा. बोल्टला ५ ते ७ न्यूटन-मीटर पुरतात. आवळताना रबर बोल्टबरोबर फिरू पाहतं, ते दुसऱ्या हाताने पकडून ठेवावं लागतं. पहिल्या प्रयत्नात जमत नाही, तिसऱ्यात जमतं.

सरकवून बदलायची रबरं असतील तर धारकाची बंद बाजू पुढे, उघडी बाजू मागे. चाक रबराला पुढे ओढतं. उलट लावलं तर ऐन घाटात रबर निसटून बाहेर पडेल.

आता वायर ओढून बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरने आवळा. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा. मध्य साधायला ब्रेकच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवा. त्याने होत नसेल तर मागचा मुख्य बोल्ट अर्धा फेरा सैल करून पूर्ण ब्रेक हाताने सरळ करा आणि पुन्हा आवळा. मग दहा-बारा वेळा हँडलवरची ब्रेकची मूठ जोरात दाबा. वायर ताणली गेली असेल तर आत्ताच कळेल.

रिम फार रुंद असेल आणि रबरं तेवढी उघडत नसतील, तर रबराला जाड-पातळ वॉशर असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहा, पातळ वॉशर आत, जाड बाहेर. तरीही भागत नसेल तर कमी जाडीची रबरं घ्या. नवी रबरं कापून पातळ करू नका.

तक्रारी आणि त्यांची मुळं

*ब्रेक ओरडतो.* बहुतेक वेळा रिमवर तेलाचा अंश असतो. साखळीवर स्प्रे मारताना तो उडतो. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत पुसा. रबराचा वरचा चकाकणारा थर पॉलिश पेपरने घासून काढा. त्यानंतरही ओरडला तर वर सांगितलेला कल पुन्हा द्या.

*खरखर येते, रिमवर रेघा उमटतात.* चाक काढून रबराचा तोंडवळा उन्हात तिरका धरून पाहा. काळ्या रबरात मोहरीएवढे चांदीसारखे ठिपके चमकताना दिसतील. ते रिमचेच कण असतात, रबरात रुतून बसलेले, आणि तेच आता रिम कापतायत. शिवणाच्या जाड सुईने एकेक उकरून काढा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करतो. फार वेळ लागत नाही, आणि रिमचं आयुष्य यानेच वाढतं.

*हँडलमध्ये धकधक जाणवते.* चाक हळू फिरवत ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा. फेऱ्यात एकाच जागी पकडत असेल तर तिथे खड्ड्याने रिमला पोचा आलाय किंवा रिमचा सांधा उंच राहिलाय. सांधा असेल तर बारीक पेपरने हलक्या हाताने घासता येतो. पोचा असेल तर तो बसत नाही, पक्कडीने वाकवायला जाऊ नका. मात्र पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली आणि हँडलच्या मुळाशी टकटक लागली तर दोष हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, आहे.

*मूठ हँडलला टेकते, ब्रेक लागत नाही.* आधी ब्रेकची ती छोटी मूठ उघडी राहिली नाही ना ते पाहा. असं बऱ्याचदा निघतं. मग वायर. ब्रेकची वायर १.६ मिलिमीटरची आणि तिचं आवरण ५ मिलिमीटरचं, आत गोल वेटोळ्याचं असतं. गिअरचं ४ मिलिमीटरचं आवरण ब्रेकला कधीही वापरू नका, त्यातल्या सरळ तारा जोर आल्यावर फाकतात आणि आवरण फुटतं. आवरणाची टोकं सपाट घासलेली हवीत, नाहीतर मूठ स्पंजासारखी लागते. शिमानोची नवी मूठ आणि जुना ब्रेक ही जोडी मुळातच कमजोर पकडते, कारण नव्या मुठी जास्त वायर ओढतात आणि जुने ब्रेक त्या हिशेबाचे नसतात. तिथे कितीही आवळलं तरी उपयोग नाही, ब्रेक बदलावा लागतो.

*पावसात थांबतच नाही.* ओल्या रिमवर चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात. उतार सुरू व्हायच्या आधीच हलका ब्रेक लावून रिम कोरडी करून ठेवा. पावसाळ्यापुरती ओल्या रिमसाठीची रबरं टाका. कूल-स्टॉपची विटकरी रंगाची मला सगळ्यात भरवशाची वाटली.

*चाक डुगडुगतंय.* थोडा आऊट घरी काढता येतो. सायकल उलटी करा आणि ब्रेकचं रबरच माप म्हणून वापरा. रिम उजवीकडे येत असेल तर तिथल्या डाव्या स्पोकचा निप्पल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) पाव फेरा आवळा, उजव्याचा पाव फेरा सोडा. टायरच्या बाजूने पाहिलं तर आवळण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांची. पावच फेरा, मग फिरवून पाहा. स्पोकची चावी निप्पलच्या मापाचीच हवी, सैल चावीने निप्पलचे कोपरे झिजले की मिस्त्रीही हात टेकतो. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डुगडुग असेल तर ज्याच्याकडे चाकाचा स्टँड आहे अशाकडेच जा. "भिया, आउट निकाल दूँगा" म्हणत जो सगळ्या स्पोक पक्कडीने फिरवू लागेल त्याच्या हातून चाक परत घ्या.

पहिले शंभर किलोमीटर

घाटात जाण्याआधी रिकाम्या रस्त्यावर रबरं बसवून घ्या. ताशी २५ चा वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, असं पंधरा-वीस वेळा. पूर्ण थांबू नका. पुढचा ब्रेक आणि मागचा वेगवेगळे करा. त्यानंतर रबरावर एकसारखी मऊ झळाळी दिसते. एखाद्या कोपऱ्यावरच झिजलेलं असेल तर कल चुकलाय.

पहिल्या राइडला राऊपर्यंत जाऊन या, वीस-पंचवीस किलोमीटर. घरी आल्यावर जवळजवळच्या दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून पाहा, एखादी सैल झाली असेल तर हाताला कळतं. शंभर किलोमीटरनंतर लॉकरिंग, रबरांचे बोल्ट आणि वायरचा बोल्ट पुन्हा एकदा तपासा. मग सिमरोलच्या घाटात जा. उतरताना ब्रेक सतत घासत धरू नका, वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा, रिमला हवा लागू द्या. चोरलला चहाला थांबलात की हात रिमपासून दोन बोटं दूर ठेवून गरमी बघा, लगेच स्पर्श करू नका.

जुनी चाकं झिजलेली नसतील तर विकू नका, पावसाळ्यासाठी ठेवा. त्यांची रबरं वेगळ्या डबीत, वर "जुनी रिम" अशी चिठ्ठी लावून. चाकांबरोबर रबरंही बदलायची, आणि रिमच्या रुंदीत दोन मिलिमीटरचाही फरक असेल तर दर वेळी वाकून दोन्ही बाजूंची वरची कड पाहायची.